तीन राजांचा रविवार

फादर नेल्सन विनोद करण्याआधी चष्मा वर सरकवत. त्यामुळे पनवेलच्या त्या चर्चमधल्या मंडळींना हसायची तयारी करायला अवधी मिळे आणि विनोद वाया जात नसे. कार्मेलिन मार्टिस नेहमीच्या चौथ्या बाकावर, पंख्याचं वारं थेट लागणार नाही अशा बेताने बसली होती. शेजारी नवरा बस्त्याव, आणि त्याच्या शेजारी त्याची टोपी. टोपीला तो गर्दीच्या दिवशीही स्वतंत्र जागा देत असे. तीन राजांचा सण यंदा नेमका रविवारी आला होता. वेदीच्या पायथ्याशी गव्हाण अजून मांडलेली होती आणि तिच्यासमोर प्लास्टरचे तीन राजे आज सकाळीच दाखल झाले होते. एकाचा उंट मागच्या वर्षी पुसताना मोडला, म्हणून तो राजा पायी आल्यासारखा गाईला टेकून उभा होता. फादर सांगत होते की प्रकटीकरण म्हणजे काही नवीन घडणं नव्हे. जे आहेच ते दिसणं. राजे आले म्हणून गोठ्यातलं बाळ राजा झालं नाही; होतंच, फक्त आत्तापर्यंत गाईला आणि मेंढपाळांनाच माहीत होतं. जुन्या काळी तर याच एका दिवशी तिन्ही गोष्टी साजऱ्या करत, ताऱ्यामागून आलेले राजे, यार्देन नदीतला प्रभूचा बाप्तिस्मा आणि काना गावच्या लग्नातला पाण्याचा द्राक्षारस. कारण तिन्हींत झाकलेलं उघड झालं. "प्रभूला बाप्तिस्म्याची गरज होती का? नव्हती. तरी तो नदीकाठी पापी लोकांच्या रांगेत उभा राहिला. वशिला लावला नाही." इथे थोडे लोक हसले, पण चष्मा हलला नव्हता, म्हणून बाकीचे थांबले. पुढच्या रविवारी बाप्तिस्म्याचा सण आहे, तेव्हा आजच उजळणी करू, असं म्हणून फादरांनी सांगितलं की जीव जात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. आई, बाप, नर्स, रिक्षावाला. तो ख्रिस्ती नसला तरी चालतो. लागतं काय? पाणी आणि शब्द. शब्द पाण्याबरोबर, पाणी शब्दांबरोबर. आज ओतलं आणि उद्या म्हटलं, असं चालत नाही. मग त्यांनी चष्मा वर सरकवला. "पाणी कुठलं? नळाचं चालतं, विहिरीचं चालतं, समुद्राचं चालतं, आपल्या महापालिकेचं गढूळ आलं तर तेही चालतं. पण दूध नाही, सरबत नाही, आणि माझ्या रायगडच्या बंधुभगिनींनो, कितीही गोड असलं तरी शहाळ्याचं पाणी नाही!"

अख्खं चर्च हसलं. बस्त्याव हसला, त्याचं हसू छातीतून खोकल्यासारखं येई. कार्मेलिनही हसली. हसू आधी आलं आणि मग ते कशाचं होतं ते कळलं. त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट अधूनमधून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबते. धक्का अगदी बारीक असतो, दिवा चालू राहतो, पंखा चालू राहतो, फक्त जाळीबाहेर दाराऐवजी भिंत दिसते. तसं झालं. दिवा चालू होता. पंखा चालू होता. फादर आता नळाबद्दल आणखी काही बोलत होते. तिचे ओठ अजून हसण्याच्या आकारात होते आणि ते परत कसे मिटवायचे हे तिला क्षणभर आठवेना. मंडळी उठली, तशी तीही उठली, आणि सगळ्यांबरोबर विश्वासाची घोषणा म्हणू लागली. आकाश आणि पृथ्वी यांच्या निर्मात्यापासून सगळं तोंडपाठ होतं, जीभ आपोआप चालत होती. पण पापक्षमेसाठी एकच बाप्तिस्मा मी मानतो, या ओळीपाशी जीभ थांबली. बाजूला बस्त्यावने ती ओळ खणखणीत म्हटली. तो नेहमीच म्हणे. तिने डोळ्यांच्या कडेने त्याच्याकडे पाहिलं. गालावर दाढी करताना राहिलेला पांढऱ्या खुंटांचा एक ठिपका होता. बाकी चेहऱ्यावर काहीही नव्हतं, जसं कुलूप लावलेल्या दारावर काही नसतं किंवा नुसत्या भिंतीवर काही नसतं, आणि यातलं कुठलं, हे इतक्या वर्षांच्या संसारानंतरही तिला सांगता आलं नसतं.

मिस्साची उपासना संपल्यावर आवारात चहा आणि केक होता. फादरांभोवती बायका होत्या, त्या पांगेपर्यंत कार्मेलिन हातात कागदी कप धरून उभी राहिली. चहावर साय धरली. मग ती पुढे झाली आणि म्हणाली, "फादर, आमच्या गावाकडे एक बाई आहे." फादर नेल्सन वयाने लहान होते, पण कबुलीजबाब ऐकण्याचा त्यांना सराव होता, आणि गावाकडच्या बायका कुठे राहतात हे त्यांना माहीत असावं. त्यांनी केकची बशी खाली ठेवली.

"तिचं मूल गेलं. खूप वर्षं झाली. वाटेतच गेलं. तेव्हा बापाने शहाळ्याच्या पाण्याने..."

"अरे देवा," फादर म्हणाले. मग म्हणाले, "आंटी, मी ते हसण्यावारी..."

"तुम्ही बरोबरच बोललात. मी विचारते एवढंच, की ते झालं की नाही झालं?"

फादरांनी आजूबाजूला पाहिलं. जवळ फक्त कचऱ्याची बादली होती. "बाप्तिस्मा म्हणून नाही झाला," ते हळू म्हणाले. "पण आंटी, त्याने काही बिघडत नाही. आईबापांची इच्छा होती ना? देवाची दया संस्कारांपेक्षा मोठी आहे. आता चर्चही असं म्हणतं की अशी मुलं आपण देवाच्या दयेवर सोपवायची आणि आशा ठेवायची."

"आशा."

"मोठी आशा."

"आता करता येतं का काही?"

"मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, आंटी. प्रार्थना करता येते." त्यांनी तिच्या कपाकडे पाहिलं. "चहा गार झाला तुमचा. दुसरा आणू?" त्यांचा चेहरा इतका कष्टी झाला होता की कार्मेलिनलाच त्यांची दया आली आणि तिने तो गार चहा त्यांच्यासमोर पिऊन दाखवला. चांगला माणूस. त्याने दिलेली आशा ती पर्समध्ये घालून घेऊन निघाली. तीसेक वर्षं तिच्या बाळाचं, गास्पारचं, स्वर्गाचं तिकीट कन्फर्म होतं. आजपासून ते वेटिंगवर गेलं होतं, आणि तिकीट खिडकीवरचा माणूस म्हणत होता, काळजी करू नका, गाडी मोठी आहे.

दरवर्षी या दिवशी ती दोघं मुरूडची एसटी पकडून गावी जात. गाव मुरूडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी; डोंगराच्या पायथ्याला ख्रिस्ती वस्ती, म्हणजे पाखाडी, पुढे कोळीवाडा, मधे नारळी. पाखाडीत राहतं घर आता नव्हतं, भावकीतल्यांनी तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या होत्या. पण दफनभूमीत तीन वीत जागा होती आणि तिच्यावर बस्त्यावने स्वतःच्या हाताने ओतलेला सिमेंटचा क्रूस. खताच्या कारखान्यात फिटर होता तेव्हा त्याने तो ओतला, सुट्टीच्या दिवशी, पत्र्याच्या साच्यात. नाव बोटाने कोरलं, म्हणून गास्पारमधला ग जरा फुगलेला आहे. एसटीत तिने खिडकी घेतली. बस्त्यावने टोपी मांडीवर ठेवली आणि पनवेल संपण्याआधीच डोळे मिटले. पेणच्या पुढे दोन्ही बाजूंना पडीक मिठागरं लागली, पाण्याच्या चौकोनांवर ऊन पसरलेलं, आणि तिला वाटलं, एवढं पाणी. जिकडे पाहावं तिकडे चालणारं पाणी. खारं, गढूळ, बगळ्यांनी घाण केलेलं, तरी चालणारं. तिच्या सासूची पहिली मुलगी न्हाणीघरातच जन्मली आणि न रडता गेली. पाणी हाताशी होतं, पण शब्द म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून ती बाप्तिस्म्याशिवायच गेली आणि दफनभूमीच्या भिंतीबाहेर उंडीच्या झाडाखाली आहे, नावाशिवाय. सासू दर रविवारी मिस्साला जाताना त्या झाडाकडे न पाहता जाई. न पाहता कसं जायचं याची एक पद्धत असते. मान सरळ ठेवून पदर त्या बाजूने घ्यायचा. लग्न होऊन आल्यावर कार्मेलिनने ती पद्धत पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, म्हातारीचं आपलं काहीतरी.

त्या सकाळची गोष्ट तिने कधी कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. दिवस भरायच्या आधीच पहाटे कळा आल्या, सुईण पोचायच्या आत मूल झालं, आणि मूल एवढंसं, कोंबडीच्या पिलासारखं हातात धडधडणारं. दवाखान्यातली बाई म्हणाली, अलिबागला न्या, आत्ताच्या आत्ता. त्या वेळी गावातून अलिबागच्या बाजाराला निघणारी एकच गाडी होती, आगरवाडीतल्या दयारामचा मॅटॅडोर, मागे शहाळी भरलेला. निघताना दुपटं घेतलं, बॅटरी घेतली, देवमातेची तसबीर घेतली. पाणी कोणी घेतलं नाही. पाण्याशेजारी राहणाऱ्या माणसाला पाणी बरोबर न्यायची सवय नसते. खाडीवरचा पूल ओलांडला, रेवदंड्याची वस्ती मागे पडली, आणि चौलच्या पुढे दोन्ही बाजूंना नुसत्या वाड्या असलेल्या रस्त्यावर मुलाचे ओठ जांभळे झाले. आधी ओठ, मग नखं. कार्मेलिनने दुपटं आणखी घट्ट गुंडाळलं. बस्त्यावनेच पाहिलं आणि तो म्हणाला, "दयाराम, पाणी आहे का रे?"

"गाडीला पाजायचा हाय," दयाराम म्हणाला. "त्या डब्यान बघ. प्यायचा न्हाय हां तो."

डबा बस्त्यावच्या पायापाशीच होता, ऑइलचा पिवळा पत्र्याचा, तोंडाला चिंधीचा बोळा. बस्त्यावने बोळा काढला. चिंधी काळी होती. पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग होता, तो तिला आजही दिसतो, मोरपिसासारखा. आणि ती म्हणाली, "ते नको." त्याने ऐकलं नाही तेव्हा तिने डबा हाताने ढकलला. "तेल आहे त्यात. माझ्या पोराच्या डोक्यावर ते नको." पाणी तिच्या पायांवर सांडलं. दयारामने गाडी कडेला घेतली, मान वळवून एकदा पाहिलं आणि काय चाललंय ते त्याला समजलं. त्याच्याही घरी तान्ही पोरं दगावली होती. "वयनी, मंग शहाळा फोडू काय?" तो म्हणाला. "देवाच्या घरचा पानी. कुनाचा हात न्हाय लागलेला त्याला." तिला ते इतकं पटलं. तिने डोळे मिटून मान हलवली. कोयत्याचे घाव ऐकू आले, ओल्या सालीचा वास आला, आणि बस्त्यावचा आवाज आला, पाखाडीच्या आपल्या बोलीत, बाहेरच्या कोणाला कळत नाही अशा त्या जुन्या बोलीत, गास्पार, मी तुला पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो. तिने डोळे उघडले तेव्हा मुलाच्या टाळूवरून पाणी ओघळत होतं, स्वच्छ, काचेसारखं. तीन राजांचा दिवस होता म्हणून त्यांच्यातल्या एकाचं नाव, गास्पार. अलिबागच्या अलीकडेच ते गेलं. नंतर पोटी कोणी आलं नाही. पण त्या दिवसापासून आजच्या सकाळपर्यंत, रडायचं ते रडून झाल्यावर, आतल्या एका कोपऱ्यात तिला समाधान होतं की आपल्या मुलाला आपण घाण पाणी लागू दिलं नाही. जगात बहुतेक आयांना एवढंही म्हणता येत नाही.

घाण पाणी चाललं असतं. फादर म्हणालेच, गढूळही चालतं. तेलाचा तवंग फुंकर मारून बाजूला करता आला असता. ती खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसली आणि गाडी खड्ड्यात गेली की गज कपाळावर बसत होता, ते बरं वाटत होतं. मग तिला काना गावचं लग्न सुचलं आणि थोडा वेळ तिने त्याला धरून ठेवलं. ज्याने पाण्याचा द्राक्षारस केला त्याला शहाळ्याच्या पाण्याचं साधं पाणी करणं जड का जावं? उलट सोपं. वस्तू कमीच करायची आहे. हे फादरांना विचारायला हवं होतं. पण गाडी वडखळच्या नाक्यात शिरेपर्यंत तोही आधार सुटला, कारण त्या लग्नात देवाला कोणी सांगितलं होतं? त्याच्या आईने. यांच्याकडे द्राक्षारस उरला नाही, म्हणाली. तिथल्या आईने काय नाही ते सांगितलं आणि मग गप्प बसली. मॅटॅडोरमधल्या आईने मात्र जे होतं तेच ढकललं.

वडखळला गाडी थांबली की बस्त्याव आपोआप जागा होई. तो उतरला. तिने खिडकीतून पाहिलं, तो हातगाडीवाल्याशी हुज्जत घालत होता. "मलईवालं दे रे."

"काका, मलईचं संपलं. पाण्याचं घ्या, भरपूर आहे."

"पाण्याला काय करू? पाणी नळाला पण येतं."

"तुमच्या नळाला असं येतं?"

"पनवेलला राहतो बाबा. आमच्याकडे हवा येते."

हातगाडीवाला हसला. बस्त्याव दोन शहाळी घेऊन आला आणि एक खिडकीतून तिच्यापुढे धरलं, दरवर्षीसारखं. "घे. थंड आहे."

"तहान नाही."

"सकाळपासून काही घेतलं नाहीस. घे म्हणतो."

"नको म्हटलं ना." तिचा आवाज चढला. पुढच्या सीटवरच्या बुरखेवाल्या बाईने मागे वळून पाहिलं आणि सौजन्याने पुन्हा पुढे पाहिलं. बस्त्यावने हात मागे घेतला. मग तो आत आला, जागेवर बसला, एक शहाळं संपवलं आणि दुसरं लावलं. नळीतून शेवटचा घोट ओढल्याचा आवाज झाला. "फादरने आज शहाळ्याची पार अब्रू काढली," तो म्हणाला, आणि रिकामं शहाळं खिडकीतून बाहेर टाकून त्याने हात रुमालाला पुसले.

ती थिजली. याचा अर्थ काय? माणूस जर जाणून असेल तर शहाळं विकत घेईल का? बायकोच्या तोंडापुढे धरील का? आणि नसेल जाणून तर मग नेमकं तेच वाक्य का काढील? की विनोद विनोदाच्या जागी राहिला आणि मॅटॅडोर मॅटॅडोरच्या जागी, मधे भिंत, असं त्याच्या डोक्यात असेल? पुरुषांच्या डोक्यात असतात अशा भिंती. याला कळू द्यायचं नाही, हे तिने तिथे, वडखळ ते पोयनाडच्या मधे कुठेतरी ठरवलं. त्याच्याकडे दुसरं काय आहे? गुडघे गेले, दात गेले, भाऊ बोलत नाहीत. एक क्रूस आहे आणि त्याखाली त्याने स्वतः, फादरशिवाय, स्वतःच्या हाताने देवाकडे पोचवलेलं मूल आहे. गावी कोणी विचारलं तर तो सांगे, मीच दिला बाप्तिस्मा. तेवढ्यापुरता त्याचा आवाज पाद्र्यांसारखा होई. मूल पुरायला आणलं त्या दिवशी म्हातारे फादर पिंटो दफनभूमीच्या फाटकात उभे राहून त्याला म्हणाले होते, "पाणी ओतलंस?" तो म्हणाला, "ओतलं." "शब्द म्हणालास?" "म्हणालो." फादर बाजूला झाले. फाटक उघडलं. कुठलं पाणी, हे विचारायचं फादर पिंटोंना सुचलं नाही, कारण पाणी म्हणजे पाणी; आणि बस्त्यावला सांगायचं सुचलं नाही. की सुचलं होतं? तिने त्याच्याकडे पाहिलं. तो झोपला होता किंवा डोळे मिटून बसला होता. ओठाच्या कोपऱ्यात शहाळ्याच्या पाण्याचा एक थेंब होता. दरवर्षी ती तो आपल्या पदराने पुसत असे. आज हात गेला नाही.

गावात उतरले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. दफनभूमीच्या भिंतीला नवा पिवळा रंग होता आणि उंडीच्या झाडाखाली कोणीतरी मोटारसायकली लावल्या होत्या. पर्यटक डोंगरावरच्या किल्ल्यावर गेले असावेत. कार्मेलिन त्या झाडाजवळून गेली. मान सरळ ठेवून, पदर त्या बाजूने घेऊन. चार पावलं गेल्यावर आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं. आत लहान मुलांची रांग समुद्राच्या बाजूच्या भिंतीला लागून आहे. बस्त्याव गुडघ्यावर हात ठेवून कसाबसा खाली बसला, गवत उपटलं, क्रूसावरची पाखरांची घाण नखाने खरवडली आणि मेणबत्ती लावली. वाऱ्याने ती विझली. पुन्हा लावली. मग ते दरवर्षीचं. पाखाडीत असं मानतात की बाप्तिस्मा होऊन गेलेलं तान्हं मूल सरळ वर जातं, मधे कुठे थांबत नाही, आणि मग घरच्यांसाठी तिथे रदबदली करतं. वर आपला माणूस असतो. म्हणून अशा मुलासाठी प्रार्थना करायची नसते, त्याच्याकडे करायची असते. आधी आईने म्हणायचं, गास्पार, आमच्यासाठी विनंती कर, मग बापाने. इतकी वर्षं तिने त्याच्याकडे काय काय मागितलं होतं. तळोज्याची नोकरी टिकू दे. गाठ साधीच निघू दे. आणि नोकरी टिकली होती, गाठही साधी निघाली होती. ते कोणी ऐकलं होतं मग? ज्याला स्वतःलाच आत घेतलं की नाही ठाऊक नाही, त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या पोराला ती तीस वर्षं निरोप सांगत होती. तिने तोंड उघडलं. वारा तोंडात गेला. शब्द आला नाही.

"म्हण ना," बस्त्याव म्हणाला.

तिने मान हलवली.

"कार्मू. मेणबत्ती विझेल."

"तू म्हण."

"आधी आईने असतं." मेणबत्ती विझली. त्याने ती परत लावली नाही. भिंतीपलीकडे कोणीतरी मोटारसायकल चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती घरघरून बंद पडत होती. बस्त्याव क्रूसाकडे पाहत बोलू लागला, आवाज साधा, एखाद्या नटबोल्टाबद्दल बोलावं तसा. "सकाळपासून तू काय चघळतेयस ते मला कळत नाही असं नाही. फादर बोलला ते ऐकलं मी. माझे कान अजून चालतात. तू डबा ढकललास ना, तेव्हा माझी ओंजळ भरली होती."

"कुठली ओंजळ?"

"डब्यातल्या पाण्याची. बोळा काढला तेव्हाच घेतली होती. तू डोळे मिटलेस, दयाराम मागे शहाळं फोडायला गेला. मी ती त्याच्या डोक्यावर ओतली. मग दयारामने शहाळं आणलं, तर ते पण ओतलं. तुझ्या समाधानाला."

तो तिच्याकडे पाहत नव्हता. इतकं सरळ, एकही शब्द न अडखळता त्याने ते सांगितलं होतं. माणूस आठवून बोलतो तेव्हा असा बोलत नाही, तो थांबतो, मागे जातो, हे नव्हे ते म्हणतो. हे पुष्कळ वेळा म्हणून पाहिलेलं होतं. किती वर्षं? म्हणजे याला ठाऊक होतं. आज नव्हे, कधीपासून तरी, कदाचित त्या फाटकात उभं असल्यापासून. की खरंच ओतली होती आणि इतकी वर्षं सांगायचं कारण पडलं नव्हतं, म्हणून ते आत असं गुळगुळीत झालं होतं? तिला त्याचा हात पाहायचा होता. तो गुडघ्यावर होता, उताणा, फिटरचा हात, रेषांत बसलेलं काळं कारखाना सुटल्यावरही न निघालेलं.

"कसं होतं पाणी?" तिने विचारलं.

बस्त्याव थोडा थांबला. "कोमट," तो म्हणाला. "इंजिनाजवळ होता ना डबा."

आणि तिच्या पावलांना एकदम आठवलं. डोक्याला कधीच आठवलं नव्हतं, पण पावलांना आठवलं, की सांडलेलं पाणी कोमट होतं, त्या जानेवारीच्या सकाळी गार पडलेल्या बोटांवर ते बरं वाटलं होतं आणि बरं वाटलं याची तिला तेव्हाही लाज वाटली होती. म्हणजे तो खरं बोलत होता. किंवा त्याच्याही पायांवर ते सांडलं होतं. पाणी त्याच्या ओंजळीत गेलं असेल किंवा पायांवर. कोमट ते दोन्हीकडे असणार. एवढंच नव्हे. शब्द तिने एकदाच ऐकले होते, मोठ्याने, स्पष्ट, आणि त्या वेळी ओल्या सालीचा वास हवेत होता, कोयत्याचे घाव होऊन गेले होते. ओंजळ जर आधी ओतली, तर ती ओतताना तू काय म्हणालास? हा प्रश्न तिच्या जिभेवर येऊन बसला. लहानसा होता. एका श्वासात विचारून झाला असता, आणि बस्त्यावकडे त्याचंही उत्तर तयार असेल किंवा नसेल. नसेल, तर तो अडखळेल. आणि तो अडखळलेला तिला दिसेल. फादर म्हणत होते ते हेच असावं, जे आहेच ते दिसणं. राजांचं बरं होतं. त्यांना बघायचं होतं.

"मग झालं तर," ती म्हणाली.

"झालंच होतं," बस्त्याव म्हणाला. त्याने काडी ओढली, हाताचा आडोसा केला, आणि मेणबत्ती पेटली. "आता म्हण."

"गास्पार, आमच्यासाठी विनंती कर," कार्मेलिन म्हणाली. आवाज आला. आपलाच होता. त्यानंतर बस्त्यावने म्हटलं, मग दोघांनी क्रूसाची खूण केली, आणि उठताना त्याने तिच्या खांद्याचा आधार घेतला तेव्हा त्याचा सगळा भार तिच्यावर आला. तिने तो तसाच पेलला. तो प्रश्न ती परत आत घेऊन निघाली होती. दोघं आहेत तोवर पुढच्या प्रत्येक तीन राजांच्या दिवशी ती तो असाच इथवर आणणार होती, मेणबत्ती लागेपर्यंत जिभेवर धरणार होती आणि न विचारता परत नेणार होती. फाटकाशी येईपर्यंत बस्त्याव म्हणाला, "पाचची गाडी मिळेल बहुतेक, जरा पाय उचल." तिने पाय उचलला.